डावा हात ब्रेक शोधतो: स्कूटीनंतर गिअरची गाडी शिकताना

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय 29, राहणार जुळे सोलापूर. 9 वर्षांपासून स्कूटी चालवतात, लायसन्सही विनागिअरचंच आहे. आता नोकरीमुळे मंद्रूपच्या बाजूच्या गावांत रोज फिरावं लागणार, म्हणून वडिलांची 2014 सालची 125 सीसीची मोटारसायकल शिकायला घेतली. पहिल्याच आठवड्यात कुत्रं आडवं आलं, त्या पडल्या आणि गुडघा फुटला. पुढे लर्निंग लायसन्स काढून दीड महिन्यानं टेस्ट दिली, तर आठ काढताना, म्हणजे 8 च्या आकारात गाडी फिरवताना, दोनदा पाय टेकला आणि नापास झाल्या. भाऊ म्हणतो, तुला तोल नाही, नाद सोड. त्यांना विचारायचंय की माझा तोलच कच्चा आहे का, अजून किती दिवस लागतील आणि पुन्हा टेस्टचा फॉर्म एजंटकडून भरावा का.

ताई, मी 19 वर्षं सोलापुरात दुचाकी शिकवतोय. तुमच्यासारखी, म्हणजे स्कूटी सफाईनं चालवणारी आणि मोटारसायकलवर बसल्यावर अचानक नवखी होणारी माणसं माझ्याकडे दर महिन्याला येतात. तुमचा तोल चांगला आहे. नऊ वर्षं या शहराच्या गर्दीतून स्कूटी काढलीत, ती तोलाशिवाय निघत नाही. अडचण तुमच्या डाव्या हाताची आहे. नऊ वर्षं तो हात ब्रेक दाबत आलाय. मोटारसायकलवर त्याच जागी, त्याच आकाराची दांडी आहे, पण ती क्लचची. डोक्याला हे पहिल्या दिवशी कळतं. हाताला कळायला वेळ लागतो.

तुमचं पडणं आता या नजरेनं बघा. कुत्रं आलं, डाव्या हाताची बोटं मिटली. क्लच पूर्ण दाबला गेला, इंजिन चाकापासून सुटलं आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी पुढे गेली. "ब्रेक लागेना" असं वाटून तुम्ही घाबरलात, हँडल वळवलं आणि त्याच क्षणी उजव्या हातानं पुढचा ब्रेक करकचून दाबला. हँडल वळलेलं असताना पुढचं चाक अडकलं की गाडी आडवी होणारच. मी तिथं नव्हतो, पण अशी पडलेली इतकी माणसं बघितलीत की हे असंच झालं असणार अशी माझी खात्री आहे. उजवा पाय, ज्याच्याखाली मागचा ब्रेक असतो, तो त्या वेळी काय करत होता ते आठवून बघा. बहुतेक जमिनीकडे निघाला असेल, कारण स्कूटीवर पायांना तेवढंच काम असतं.

आठमध्येही तेच झालं. वळणावर गाडी जड वाटली, भीती वाटली, डावा हात मिटला. चाकाची ओढ गेली की कललेली गाडी आतल्या बाजूला बसायला लागते आणि पाय टेकतो. गाडी उभी राहते ती चाकाला मिळणाऱ्या ओढीमुळे. वळणात क्लच पूर्ण दाबणं म्हणजे गाडीचा आधार आपल्याच हातानं काढून घेणं.

किती दिवस लागतील, हे तीन गोष्टींवर आहे. तुमची उंची आणि गाडीची सीट: दोन्ही पायांचे निदान चवडे नीट टेकायला हवेत. गाडीची अवस्था: दहा-बारा वर्षांच्या गाडीची क्लच केबल कडक झालेली असते, त्यावर शिकणाऱ्याचं मनगट पंधरा मिनिटांत भरून येतं आणि दोष शिकणाऱ्याला लागतो. आधी मेकॅनिककडून केबल बदलून घ्या, क्लचच्या दांडीला थोडा मोकळा खेळ ठेवायला सांगा, टायरची हवा तपासा. तिसरं म्हणजे रोज मिळणारा वेळ. स्कूटी येणाऱ्या माणसाला माझ्याकडे रोज पाऊण तास धरून साधारण 10 ते 12 दिवस लागतात. ज्याला सायकलही येत नाही त्याला महिना लागू शकतो. रविवारी एकदम तीन तास शिकण्यापेक्षा रोजचा पाऊण तास कितीतरी बरा. सवय मोडायची आहे, आणि सवय रोज थोडी थोडी मोडते. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करून साडेसातला संपवा. आपल्याकडचं ऊन नंतर तळहाताला घाम आणतं आणि क्लच निसटतो.

पहिले दोन दिवस गाडी चालवायचीच नाही. मोकळ्या सपाट जागी गाडीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवर, पहिला गिअर. रेस अजिबात देऊ नका. क्लच हळूहळू सोडत जा. एका जागी इंजिनचा आवाज खोल जातो, गाडीचं पुढचं अंग किंचित हलतं. तीच जागा. तिथं बोटं थांबवा, गाडी एक वीतभर पुढे सरकू द्या आणि क्लच पुन्हा दाबा. एक वीत, थांबा. एक वीत, थांबा. असं पन्नास वेळा. कंटाळवाणं आहे, मुलं तर वैतागतात, पण यातून डावा हात नवीन काम शिकतो: दाबणं आणि सोडणं यांच्या मधे थांबणं. ब्रेकच्या दांडीला अशी मधली जागा धरून बसावं लागत नाही, म्हणून स्कूटीवाल्याच्या हाताला ती माहीत नसते. आम्ही याला हाफ क्लच म्हणतो. ज्याला हाफ क्लचवर माणसाच्या चालीनं पन्नास पावलं गाडी नेता आली, त्याला गाडी आली असं मी समजतो. बाकीचं सगळं त्याच्यावर चढत जातं.

तिसऱ्या दिवसापासून थांबायला शिका. बहुतेक घरी भाऊ किंवा नवरा शिकवतो तेव्हा गाडी पळवायला आधी शिकवतो. माझ्याकडे उलट आहे. मी विद्यार्थ्याला पहिल्या गिअरमध्ये सरळ यायला सांगतो आणि समोर वीस पावलांवर बाजूला उभा राहतो. मधेच हात वर करतो. त्या क्षणी मी गाडीकडे बघत नाही, डाव्या हाताच्या बोटांकडे आणि उजव्या पायाकडे बघतो. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक स्कूटीवाल्याची डावी बोटं आधी मिटतात आणि उजवा पाय जिथल्या तिथं राहतो. चौथ्या-पाचव्या दिवशी पाय आधी हलायला लागतो. एका शिक्षिका ताईंना हे आठवडाभर जमेना, तेव्हा त्यांनी स्वतःच युक्ती काढली. पायाखालचा ब्रेक दाबताना त्या मोठ्यानं "पाय" म्हणायच्या. दोन दिवसांत बसलं. तुम्हीही करून बघा, मैदानात ऐकायला कोणी नसतं.

थांबण्याचा क्रम असा ठेवा: रेस सोडा, उजव्या पायानं मागचा ब्रेक, त्याबरोबर उजव्या हाताच्या दोन बोटांनी पुढचा, हळूहळू वाढत जाणारा दाब. क्लच अगदी शेवटी, गाडी थांबता थांबता, फक्त इंजिन बंद पडू नये म्हणून. आणि थांबल्यावर डावा पायच खाली टेका, उजवा ब्रेकवर राहू द्या. स्कूटीवाले दोन्ही पाय खाली सोडतात. आसरा पुलाच्या चढावर मोटारसायकलवर असं केलंत तर गाडी मागं सरकेल.

पुढच्या ब्रेकबद्दल आपल्याकडे फार भीती आहे. "पुढचा दाबू नको, उलटशील" हे प्रत्येक घरात सांगितलं जातं. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. म्हणून सगळ्यात जास्त थांबवण्याची ताकद पुढच्या चाकात असते आणि नुसता मागचा ब्रेक दाबला तर हलकं झालेलं चाक फरफटत जातं. दोन अटी: हँडल सरळ हवं आणि दाब वाढत गेला पाहिजे, झटक्यात नाही. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांना मिळून लागणारा ब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारा ब्रेक, सक्तीचा झाला. तुमची गाडी 2014 ची, त्यामुळे चाकांमधली ही वाटणी तुमच्या हातापायालाच करायची आहे. आणखी एक हिशेब लक्षात असू द्या. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. कुत्रं दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला तरी गाडी 10 मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

आता आठ. मैदानात फक्कीनं दोन मोठी गोल काढा, एकमेकांना चिकटून. पहिले दोन दिवस मोठीच ठेवा, मग रोज थोडी लहान करा. पहिला गिअर, रेस जवळजवळ एकसारखी, डावा हात हाफ क्लचच्या जागेवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका ठेवलेला. वेग कमी करायचा असेल तर क्लच दाबू नका, पायानं ब्रेक किंचित वाढवा. इंजिन ओढतंय आणि ब्रेक किंचित धरतोय, या दोघांच्या मधे गाडी घट्ट उभी राहते. पुढचा ब्रेक आठमध्ये विसरा, हँडल सतत वळलेलं असतं. नजर पुढच्या चाकाकडे गेली की गाडी तिथंच पडते. हनुवटी फिरवून पुढच्या गोलाच्या पलीकडच्या कडेकडे बघा, जिथं तीन सेकंदांनी पोचायचंय. मी आईबापांना पलीकडे खुर्ची टाकून बसवतो आणि मुलांना सांगतो, वळताना आईकडे बघा.

गिअरचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्याची भीती नाहक असते. गिअर कधी बदलायचा ते इंजिनचा आवाज सांगतो, आठवड्यात कान तयार होतो. फक्त एक गोष्ट बघा. काही गाड्यांना सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींना पहिला खाली आणि बाकीचे वर. टेस्टला शेजाऱ्याची गाडी नेणारे इथंच फसतात. ज्या गाडीवर शिकलात तीच न्या.

आता लायसन्सचं. तुमच्या विनागिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालत नाही. दोन्ही वेगळे वर्ग आहेत. जुन्या लायसन्समध्ये गिअरचा वर्ग वाढवून घ्यायचा असतो आणि त्यासाठी त्या वर्गाचं लर्निंग आधी लागतं. तुम्ही लिहिलंय की पडलात ते लर्निंग निघायच्या आधी. ताई, हे पुन्हा कोणीही करू नका, आणि वाचणाऱ्या दुसऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. रिकाम्या प्लॉटिंगमधला रस्ताही रस्ताच असतो. विनालायसन्स चालवल्याचा दंड 5000 रुपये आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणाला लागलं तर विम्याची भरपाई अडकते आणि गाडी वडिलांच्या नावावर असल्यानं तेही त्यात ओढले जातात. लर्निंग असताना पुढेमागे पांढऱ्यावर लाल "एल" लावा आणि शिकवणाऱ्याशिवाय कोणाला डबलसीट घेऊ नका. गिअरच्या गाडीला 18 वर्षं पूर्ण हवीत. 16 व्या वर्षी जे लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं, हल्लीच्या स्कूटीचं नाही. दहावी-अकरावीच्या मुलांच्या हातात किल्ली देणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावं. मुलानं चालवलेल्या गाडीच्या गुन्ह्यात पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लर्निंग 6 महिने चालतं, आणि मिळाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. नापास झाल्यावर 7 दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या टेस्टपासून 60 दिवस थांबावं लागतं. म्हणून उगाच "बघू जमलं तर" म्हणून जाऊ नका, संधी मोजक्या आहेत. लर्निंगची मुदत संपली तर मात्र नवं लर्निंग आणि पुन्हा 30 दिवस.

एजंटबद्दल विचारलंत. फॉर्म आणि अपॉइंटमेंट दोन्ही परिवहनच्या सारथी पोर्टलवर घरबसल्या होतं. लर्निंगही 2021 पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरून परीक्षा देऊन काढता येतं. केंद्राच्या दरानं प्रत्येक वर्गाची टेस्ट फी 300 रुपये आहे, वर थोडं सेवाशुल्क. ज्यांना मोबाईलवर फॉर्म भरणं जमत नाही त्यांनी कोणाची मदत घेण्यात गैर काही नाही. तुम्ही नोकरी करता, हे तुम्हाला अर्ध्या तासात जमेल. टेस्टचा सराव मात्र कोणी दुसरा तुमच्यासाठी करू शकत नाही, आणि मंद्रूपच्या रस्त्यावर तुमच्याबरोबर कोणी एजंट नसणार.

टेस्टच्या दिवशी विजापूर रोडला आरटीओत वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. गाडी तिथवर तुम्ही नेणार असाल तर वाटेतच हात गरम होतात. गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवेत. जुनी गाडी घरात उभी असली की विमा संपलेला असतो आणि माणसं तिथून परत येतात. आयएसआय खुणेचं हेल्मेट, पट्टा बांधलेला. ओढणी किंवा स्कार्फ आत खोचा आणि गाडीचं चेन कव्हर जागेवर आहे ना ते बघा. रांगेत उभं असताना दुसऱ्यांचे पाय टेकताना बघत बसू नका. बाजूला जाऊन तीनचार वेळा वीतभर सरकण्याचा तो व्यायाम करा.

टेस्ट झाल्यावर लगेच मंद्रूपला निघू नका. आधी आठवडाभर जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर, मग सकाळी लवकर विजापूर रोडला कंबर तलावापर्यंत, मग आसरा पुलाचा चढ. सात रस्ता शेवटी ठेवा. तिथं कोण कुठून येतंय हे कळायला हाताकडे अजिबात लक्ष द्यावं लागू नये.

गावाकडच्या रस्त्याच्या दोन गोष्टी मात्र आधीच माहीत हव्यात. पहिली, ऊस. हंगामात, दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर पाचटानं झाकलेला असतो. मी स्वतः एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अशा ट्रॉलीच्या मागं दोन हातांवर थांबलोय. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात ट्रॉली दिसलीच नाही. उजेड गेल्यावर एकदम काळा डोंगर उभा. त्या दिवसापासून समोरून झोत आला की मी रेस सोडतो, समोर काही नसलं तरी. तुम्हीही हीच सवय लावा, आणि शक्य असेल तर अंधार पडायच्या आत शहरात या. 2017 च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचा हेडलाईट आपोआप चालू राहतो, तुमच्या गाडीला बटण आहे. ते दिवसाही चालू ठेवा, म्हणजे समोरच्याला तुम्ही दिसाल.

दुसरी, काळी माती. पावसात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखल आणतात. पहिल्या सरीनंतर तो साबणासारखा होतो. अशा पट्ट्यावर यायच्या आधीच वेग कमी करा, पट्ट्यावर ब्रेक नको, हँडल सरळ, रेस एकसारखी. गाडी थोडी डुलेल, डुलू द्या.

राहिली पडण्याची भीती. गाडी पडली तर एकटीनं उचलता येईल का, ही काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण एकटीनं फिरणाऱ्या प्रत्येकीच्या मनात ती असते. येते. आधी किल्ली बंद करा, गिअर टाका म्हणजे गाडी सरकणार नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून कंबर सीटला टेकवा, गुडघ्यात वाका, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं सीटमागची दांडी धरा आणि लहान लहान पावलांनी मागं रेटत उभ्या व्हा. जोर पायांनी लावायचा, पाठीनं नाही. मैदानात जुनी चादर अंथरून दोघांनी हळूच गाडी आडवी करा आणि भावादेखत एकदा उचलून बघा. हे केल्यानंतर माझ्याकडच्या मुलींचा आठ काढताना हँडलवरचा हात सैल झालेला मी पाहिलाय.

आज संध्याकाळी लर्निंगवरची तारीख बघा. तुमच्या हिशेबानं अजून चारेक महिने हातात असतील. पुढचा आठवडा फक्त वीतभर सरकणं आणि थांबणं, त्यापुढचा आठवडा आठ. सलग दहा वेळा पाय न टेकता निघाला की मगच अपॉइंटमेंट घ्या. तेव्हाही डावा हात दगा देत असेल, तर गाडी चालवतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ कोणाकडून तरी डाव्या बाजूनं काढून घ्या, बोटं दिसतील असा. तो बघून नेमकं कुठं अडतंय ते मी सांगेन.